खालचा दाणा

मूठभर शेंगदाणे घेऊन गप्पा मारीत बसावे, एकेक दाणा तोंडात टाकता टाकता मूठ रिकामी होत यावी, आणि नेमका शेवटचा दाणा कडू निघावा! हा अनुभव ज्याला आलेला नाही असा मराठी माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. आधीचे एकोणपन्नास दाणे गोड लागले हे आपण विसरतो आणि त्या पन्नासाव्यासाठी तोंड वेडेवाकडे करतो. मग चव परत आणण्यासाठी आणखी एक दाणा. तो चांगला निघाला की त्याच्या सोबतीला आणखी चार. आमच्या घरी ह्यांना डबा संपवायला एवढे निमित्त पुरते.

त्या कडू दाण्याचा मला पुष्कळ वर्षे राग होता. आता नाही. तो बिचारा प्रामाणिक असतो, असे माझे मत झाले आहे. आपण बिघडलो आहोत हे तो जिभेला सांगतो तरी. बिघडूनही जो गोडच लागतो, त्या दाण्याची हकीकत मला सांगायची आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचायला बसलेल्या मंडळींनी भिऊन ताट बाजूला सारू नये. मीही हे लिहिताना चिवडाच खाते आहे. फक्त त्यातले दाणे मी स्वतः निवडलेले आहेत.

माझे लहानपण शेंगदाण्यावर गेले. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. सातारा जिल्ह्यातले, कृष्णेच्या काठचे आमचे गाव बाजाराचे. दसरा झाला की आसपासच्या खेड्यांतून भुईमुगाच्या शेंगांची पोती आडतीवर येऊन पडत. पेठेच्या टोकाला एक वखार होती. तिथे शेंगा फोडायचे यंत्र होते आणि पत्र्याच्या छपराखाली तीस-चाळीस बायका ओळीने बसून दाणे निवडीत. त्यांत माझी आई होती. आमची जमीन दीड एकर, तीही कोरडवाहू. ती चार महिने पोसायची आणि उरलेले आठ महिने आईची बोटे. ही गोष्ट १९८९-९० च्या सुमाराची. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन.

शाळा सुटली की दप्तर घेऊन मी घरी न जाता तिथेच जाई. यंत्राचा खडखडाट, टरफलांचा धुरळा, आणि त्या धुरळ्यात पदराने नाकतोंड बांधून बसलेल्या बायका. कोपऱ्यात एक गडी झारीने शेंगांवर पाणी मारीत असे. फोडण्याआधी शेंग जराशी ओली केली की दाणा फुटत नाही, त्याच्या पाकळ्या होत नाहीत, म्हणून. शिवाय वजनही भरते, असे बायका आपापसांत म्हणत आणि हसत. मला त्यात हसण्यासारखे काय आहे ते कळत नसे. पण सगळ्या हसल्या की मीही हसून घेई.

आईच्या मांडीवर सूप असे. डावा हात दाणे पसरीत जायचा आणि उजव्या हाताची दोन बोटे त्यातून वेचीत जायची. नजर सुपावर असे असेही नाही. ती शेजारणीशी बोलत असायची, पण बोटे चुकत नसत. भरलेला, एकसारखा, गुलाबी सालीचा जाड दाणा एका पोत्यात. ते पोते मुंबईला जाई आणि तिथून बोटीने परदेशी, असे मुकादम सांगे. त्या पोत्यावर तीन इंग्रजी अक्षरे छापलेली असत, एच. पी. एस. त्याचा अर्थ 'हाताने निवडलेला' असा आहे हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. हात कुणाचा, ते पोत्यावर छापलेले नसते.

त्याच्या खालोखालचा दाणा पेठेतल्या दुकानांना. आणि सगळ्यात शेवटी उरायचा तो 'खालचा दाणा'. सुरकुतलेला, काळपट पडलेला, किडीने भोक पाडलेला, अर्धवट फुटका, कधी दोन पाकळ्यांच्या मधे हिरवट-पिवळी भुकटी धरून बसलेला. शनिवारी मजुरी मिळायची तेव्हा मुकादम प्रत्येकीच्या पदरात दोन-दोन ओंजळी खालचा दाणा टाकीत असे. फुकट! हा मालकाचा चांगुलपणा होता आणि बायका तो मानीत. ज्या शनिवारी मुकादम विसरे त्या दिवशी त्या कुरकुरत घरी जात.

"वाया कशापायी घालवायचं?" आई म्हणे. ती तो दाणा पाण्यातून काढी, उन्हात टाकी, तव्यावर चांगला काळसर होईपर्यंत भाजी, आणि भरपूर लसूण नि लाल तिखट घालून उखळात कुटी. लसूण हा मोठा सोशीक पदार्थ आहे. कुणाचेही अवगुण पोटात घालतो. त्या चटणीबरोबर आम्ही भावंडांनी किती भाकऱ्या खाल्ल्या असतील याचा हिशेब नाही. खरे सांगायचे तर तशी चटणी मी नंतर कुठे खाल्ली नाही. आज ते वाक्य लिहिताना हात थोडा अडखळतो. पण खोटे कशाला लिहा?

पुढे मी मॅट्रिक झाले. (माझ्या वेळी तिला दहावी म्हणत, पण आईच्या तोंडी मॅट्रिकच होते, आणि पेढे तिने त्याच नावाने वाटले.) त्यापुढे शिकणे झाले नाही. एका लहानशा शाळेत बालवर्गाला शिकवू लागले, ती अजून शिकवते आहे. रात्री जागून तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्या लोकांनी वाचल्या असे प्रकाशक म्हणतात. माणूस मोठे झाले म्हणजे लहानपणीच्या गरिबीचे काहीतरी उतराई होऊ पाहते. मी दर शनिवारी वर्गातल्या मुलांना गूळदाणे वाटायला लागले. आपल्या पगारातून. चाळीस मुले, चाळीस मुठी. पगार बालवर्गाच्या बाईचा. तेव्हा अख्खा दाणा परवडत नसे. मी बाजारातून तुकडा घेई. फुटका, बारीक, जरा डागी. वाण्याला तो खपवायचा असे आणि मला स्वस्त हवा असे. भाजून, गुळाबरोबर दिला की मुलांना काय कळते? ती टाळ्या वाजवीत. मीही स्वतःवर खूश असे. वीस वर्षे मी हे केले.

२०१८ च्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बालवर्गात असताना शर्टाच्या बाहीला नाक पुसणारा तो मुलगा आता राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकत होता. मी पडवीत परात घेऊन दाणे भाजायच्या तयारीत होते. पाया पडून तो शेजारी बसला, आणि बोलता बोलता त्याने परातीतला एक दाणा उचलला. बोटांनी दाबून पाकळ्या वेगळ्या केल्या. आतली भुकटी मला दाखवली.

"बाई, हे कुणासाठी?"

"शनिवारचे. सुट्टी संपली की लागतील. विसरलास वाटतं?"

"विसरेन कसा? पाच वर्षांचा असताना मी हेच खाल्लेत." एवढे बोलून तो गप्प बसला. मग अगदी हळू आवाजात, जणू आपणच काही चूक केली आहे अशा रीतीने, त्याने मला जे सांगितले ते असे.

ही हिरवट-पिवळी भुकटी एका बुरशीची. ॲस्परजिलस फ्लेव्हस हे तिचे शास्त्रीय नाव. ती मातीतच असते. भुईमूग जमिनीखाली वाढणारे पीक. शेवटी शेवटी पावसाने ताण दिला, शेंगेला चीर पडली किंवा वाळवीने भोक पाडले, की ती शेतातच आत शिरते. काढल्यावर शेंग नीट वाळली नाही, दमट जागी थप्पी लागली, किंवा वाळलेली शेंग पुन्हा ओली केली (मला झारीचा गडी आठवला), की ती फोफावते. उबदार, दमट हवा तिला मानवते. म्हणजे आपलीच हवा. एवढ्याने बिघडत नाही. बिघडते ते तिच्या अंगातून निघणाऱ्या विषाने. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलसचा अ, फ्लेव्हसचा फ्ला, आणि टॉक्सिन म्हणजे विष, अशी त्या शब्दाची संधी सोडवून त्याने मला दाखवली. मास्तरणीला असे समजावले की पटकन कळते, हे त्याला माहीत असावे.

हे विष माणसाला सापडले ते पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. एक लाखाच्या वर मेली. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हटले. गणितात न सापडलेल्या संख्येला म्हणतो तसे. शोधता शोधता माग लागला तो त्यांच्या खाद्यातल्या पेंडीपर्यंत. ती पेंड शेंगदाण्याची होती आणि ब्राझीलहून आली होती. त्या पेंडीतून हे विष वेगळे काढले गेले. पुढे १९८७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. ते यकृतावर जाते. ज्यांच्या अंगात 'हिपॅटायटिस बी' काविळीचे विषाणू ठाण मांडून असतात, त्यांना ते कितीतरी पटींनी बाधते.

"अरे पण मी भाजते," मी म्हणाले. बुडणाऱ्याने काडीला धरावे तसे मी त्या भाजण्याला धरले होते.

"भाजल्याने थोडं कमी होतं, बाई. जात नाही. बुरशी मरते, पण तिने करून ठेवलेलं विष तव्याच्या आचेला दाद देत नाही. आणि त्याला चव नाही, वास नाही. कडू लागतो तो दाणा खवट झालेला असतो. तो आपण थुंकतो तरी. हे गोडात गोड होऊन पोटात जातं."

मग मी विचारले ते कुठल्याही बाईने विचारले असते. म्हणजे शेंगदाणे खायचेच नाहीत की काय? तो हसला. तसे मुळीच नाही, म्हणाला. बहुतेक दाणे स्वच्छच असतात. एका पोत्यात हजारो दाणे चांगले आणि चार-दोन भयंकर, असा हा प्रकार असतो. म्हणून तर तपासणी अवघड. पोत्याच्या या कोपऱ्यातला नमुना निर्दोष ठरतो आणि त्या कोपऱ्यातला नापास होतो. सरकारने मर्यादा घालून दिली आहे. पूर्वी किलोला ३० मायक्रोग्रॅम चालत, पुढे ती १५ वर आणली. युरोपात थेट खायच्या दाण्याला अवघी ४. मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात शिरेना. तेव्हा त्याने अंगणातल्या मातीत काडीने हिशेब मांडला: दहा-दहा टनांचे शंभर ट्रक दाण्यांनी भरलेले समजा. त्या शंभर ट्रकांत मिळून हे विष पंधरा ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे भरले, की १५ ची मर्यादा गाठली.

"आणि ते विष जास्त करून कशात असतं ठाऊक आहे, बाई? सुरकुतलेल्या, रंग उडालेल्या, फुटक्या, किडक्या दाण्यात. हाताने एवढे वेगळे काढले तरी उरलेल्या मालातलं विष पुष्कळ उतरतं. तुमच्या आई वखारीत करायच्या ना, तेच."

तो गेल्यावर मी परात तशीच ठेवून बसून राहिले. आईची बोटे डोळ्यांपुढून हलेनात. ती दोन बोटे जे करीत होती ते खरेच मोठे काम होते. कुठल्याशा परक्या देशातल्या पोरांच्या ताटातून ती विष वेचून काढीत होती. वेचून काढीत होती आणि संध्याकाळी पदरात बांधून घरी आणीत होती.

तेव्हापासून मला एक खोडच लागली. बाजारात गेले की मी विचारते, "खालचा दाणा कुठे जातो हो?" वाणी लोक प्रथम संशयाने पाहतात, मास्तरणीने असले प्रश्न विचारू नयेत अशी त्यांची समजूत असावी. पण ओळखीचा असला की तो बोलतो. निवडलेला माल मॉलला जातो, शहरात जातो, बाहेर जातो. खालचा जातो तयार कुटाच्या पिशवीत. कुटात कोण काय ओळखणार? जातो चण्या-फुटाण्याच्या गाडीवर, स्वस्त चिक्कीत, आठवडी बाजारात फारीवर ढीग करून. उरलेला घाण्यावर. कारखान्यात तेल शुद्ध करतात तेव्हा त्यातले विष निघून जाते. घाण्याच्या कच्च्या तेलात थोडे उतरते, बाकी बहुतेक राहते पेंडीत. पेंड जाते गोठ्यात. आणि गाय-म्हैस ती खाते तेव्हा त्या विषाचा एक अंश रूप बदलून दुधात येतो. २०१८ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने देशभरातले दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीने घातक ठरलेले त्यांत १२ निघाले, आणि हे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८. आपण दुधात पाणी शोधीत बसतो आणि पेंडीकडे कुणी पाहत नाही.

तेव्हा निवडणे म्हणजे काढून टाकणे नव्हे, हे माझ्या ध्यानात आले. निवडणे म्हणजे बहुधा खाली ढकलणे. १९९७ साली युरोपने इराणच्या पिस्त्यांची आयात याच विषापायी काही काळ बंद केली होती. ते वाचले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की मग ती पोती कुणी खाल्ली असतील?

आणि ज्यांच्या खाली आणखी कुणी नाही, त्यांचे काय होते ते १९७४ साली दिसले. राजस्थानातला बांसवाडा आणि त्याला लागून गुजरातचा पंचमहाल. डोंगराळ मुलूख, आदिवासी वस्ती. तिथले अन्न शेंगदाणा नव्हे, मका. पण बुरशी हीच. काढणीच्या सुमाराला अवकाळी पाऊस झाला, कणसे भिजली, तशीच घरात साठवली गेली. बुरा आलेला मका लोकांना दिसत नव्हता असे नाही. दुसरे धान्य नव्हते. मग गावोगाव काविळ सुरू झाली, पोटात पाणी होऊन माणसे फुगू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जाऊन चौकशी केली, तिचा वृत्तान्त पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. ३९७ आजारी, त्यांतले १०६ दगावले. त्या घरांतली कुत्रीही तशीच फुगून मेली. उरलेली भाकरी त्यांना घातली होती. हे कुत्र्यांचे मला विसरता येत नाही. घरात दुष्काळी दिवस आणि तरी त्या लोकांनी आपल्यातला तुकडा कुत्र्याला दिला होता.

शाळेत मी शनिवार बंद केला नाही. मुले वाट पाहतात. अख्खा, सालीसकट दाणा घेते. साल असली म्हणजे रंग तरी कळतो. मुठीऐवजी अर्धी मूठ झाली आहे. आता आधी सगळ्यांनी आपापले दाणे कागदावर पसरायचे, पाहायचे, वास घ्यायचा, वाटेल तो बाजूला काढायचा, आणि मग खायचे. डोळ्याने सगळेच दिसते असे नाही, हे मला ठाऊक आहे. पण जेवढे दिसते तेवढे तरी पाहावे. पहिल्या शनिवारी एका चिमुरडीने बाजूला काढलेले दाणे मुठीत घेऊन मला विचारले, "बाई, हे माझ्या आईला नेऊ?" मी तिच्या मुठीतून ते काढून घेतले. अंमळ जोरातच काढून घेतले, असे नंतर वाटले.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे २०१९ ला, माझी परीक्षा झाली. त्या वर्षीचा परतीचा पाऊस कुणी विसरले नसेल. दिवाळी आली तरी तो जायचे नाव घेईना. दादाने आमच्या त्या दीड एकरात भुईमूग केला होता. वेल उपटून टाकले आणि त्या रात्रीच पाऊस कोसळला. वाळवायला ऊन नाही. पडवीत, माजघरात, देवापुढे, जिथे जागा मिळेल तिथे शेंगा पसरलेल्या. शेंग कानाशी धरून हलवावी आणि आत दाणा खुळखुळला की ती वाळली समजावे, अशी आमच्याकडची खूण आहे. आठ दिवस झाले तरी शेंगा मुक्याच होत्या.

मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आई पंचाहत्तरीची, पाठीत वाकलेली, पडवीत सूप घेऊन बसली होती. बोटे तीच. तिच्या उजव्या बाजूला चांगल्या दाण्याचा ढीग, डाव्या बाजूला खालच्याचा. डावा ढीग मोठा होता. संध्याकाळी एक व्यापारी फटफटीवरून आला. खालचा दाणा त्याला हवा होता. चौथाई भाव देईन म्हणाला. दादाने माझ्याकडे पाहिले. सोसायटीचे कर्ज, बियाण्याची उधारी, आणि दोन्ही मुलांना दिवाळीचे कपडे घ्यायचे राहिलेले. सगळे त्या बघण्यात होते.

"हा कुठे जाणार?" मी व्यापाऱ्याला विचारले.

"घाण्याला जाईल. नाहीतर चिक्कीवाल्याला. माल कुठं वाया जातो का, ताई?"

मी दादाला आत बोलावले. म्हटले, "दादा, यंदा भाऊबीजेला मला लुगडं नको, पाकीट नको. तो डावा ढीग मला ओवाळणी घाल."

त्याला वाटले, मी थट्टा करते आहे. मग मी सगळे सांगितले. टर्की, पेंड, बांसवाडा. वहिनी चुलीपाशी होती तिने ऐकले, आणि पडवीतून आईनेही ऐकले. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग बाहेर जाऊन त्या माणसाला नको म्हणून सांगून आला. मी त्याला पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, आणि रागाने घेतले नाहीत हे मला कळले. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

आई मात्र बोलली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या, दिवा मालवल्यावर.

"तुमाला मी ह्योच खालचा दाणा घालून वाढवलं."

मला काय बोलावे ते सुचेना. "तुला तेव्हा कुठं माहीत होतं, आई?"

"माहीत न्हवतं," ती म्हणाली. "पर कडू लागतंय ते लागत हुतं की. म्हणून तर लसूण घालत हुते." थोड्या वेळाने पुन्हा तिचा आवाज आला. "आनि म्या नेला नसता, तर त्यो मालक टाकून देणार हुता व्हय? दुसऱ्या कुणाच्या तरी पोरांनी खाल्ला असता."

बाहेर पाऊस लागून राहिला होता. मी जागीच होते; तीही जागीच असावी.

नरकचतुर्दशीला पहाटे जाग आली तेव्हा मागील दारी उजेड दिसला. लाकडे सगळी भिजलेली. आईने पाण्याचा बंब पेटवला होता आणि त्यात ती खालचा दाणा घालत होती. वाळत आलेला दाणा, तेलकट. भुरभुर पेटत होता आणि बंब घूं घूं करीत होता. शेजारी घमेले भरून ठेवले होते. ती पदर नाकाला लावून, वखारीत बसायची तशीच बसली होती आणि मूठ मूठ आत टाकत होती.

मी जाऊन शेजारी टेकले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. एक मूठ टाकता टाकता तिचा हात थांबला. त्या सगळ्या काळपट दाण्यांत एक चांगला, भरलेला, गुलाबी दाणा चुकून आला होता. सवयीने तिच्या दोन बोटांनी तो वेचून काढलाही. बंबाच्या उजेडात तिने तो फिरवून पाहिला, नाकापाशी नेला, अंगठ्याने दाबून त्याच्या पाकळ्या उघडल्या, आणि डोळे बारीक करून आत बघत राहिली.

"तुला काय दिसतंय का बघ," असे म्हणून तिने तो माझ्या तळहातावर ठेवला. "मला हल्ली बारीक दिसत न्हाई."